पोस्टमास्तर चोर होता का?

आमच्या दहावीच्या इंग्रजीच्या पुस्तकातला, म्हणजे एनसीईआरटीच्या ‘फर्स्ट फ्लाइट’मधला, पहिला धडा ‘अ लेटर टू गॉड’ हा आहे. मेक्सिकोचे लेखक ग्रेगोरियो लोपेझ इ फुएन्तेस यांनी ही गोष्ट मुळात स्पॅनिशमध्ये लिहिली. ज्यांची दहावी झाली आहे त्यांना ती आठवत असेल. सहावी-सातवीतल्या कॅडेट्ससाठी आणि पालकांसाठी थोडक्यात सांगतो.

लेन्चो नावाचा एक शेतकरी आहे. टेकडीवर त्याचं एकुलतं एक घर. पीक चांगलं आलंय, फक्त एक पाऊस हवा. पाऊस येतो. लेन्चो इतका खूश होतो की त्याला थेंब म्हणजे नवी नाणीच वाटतात. पण मग गारा सुरू होतात, तासभर पडतात आणि शेतात काहीही उरत नाही. लेन्चोचा देवावर पूर्ण विश्वास. तो देवालाच पत्र लिहितो : पुन्हा पेरणी करायला आणि पुढचं पीक येईपर्यंत जगायला १०० पेसो हवेत. पाकिटावर पत्ता देवाचा. पोस्टमन हसत हसत ते पत्र साहेबांना दाखवतो. पोस्टमास्तरही आधी हसतो, मग गंभीर होतो. या माणसाचा विश्वास मोडू नये असं त्याला वाटतं. तो पत्र उघडतो, कर्मचाऱ्यांकडून पैसे गोळा करतो, स्वतःच्या पगारातले काही घालतो, मित्रांकडूनही घेतो. १०० काही होत नाहीत. ७० होतात. ते पाकिटात घालून खाली सही करतो : देव. लेन्चो पैसे मोजतो आणि संतापतो. देव कमी पैसे पाठवणं शक्यच नाही. म्हणून तो देवाला दुसरं पत्र लिहितो : राहिलेले पाठव, पण पोस्टाने नको, कारण या पोस्टातले लोक चोर आहेत.

एप्रिलमध्ये आम्ही हा धडा चार तासिकांत संपवला. माझ्या पुस्तकाच्या समासात पेन्सिलीने लिहिलेले अर्थ अजून आहेत. ‘हेलस्टोन’ म्हणजे गार. ‘पेसो’ म्हणजे तिकडचं चलन. ‘क्रुक’ म्हणजे लबाड माणूस. ‘ऑब्लाइज्ड’ म्हणजे उपकृत. शेवटी एक ठरलेला प्रश्न असतो : या गोष्टीतला ‘आयरनी’ स्पष्ट करा. त्याचं ठरलेलं उत्तर असं की ज्यांनी मदत केली त्यांनाच चोर ठरवलं. ते मी पाठ केलं, युनिट टेस्टमध्ये लिहिलं, पूर्ण गुण मिळाले. मला वाटलं, धडा झाला.

धडा झाला नव्हता, हे ऑगस्टमध्ये कळलं.

आमच्या मेसमध्ये वाढणारे एक काका आहेत. पावसाळ्यात त्यांच्या घराचे पत्रे उडाले आणि एक भिंत पडली. आम्ही दहावीच्या काही जणांनी ठरवलं की हाऊसमधून पैसे जमवायचे. हाऊस मास्टर सरांनी परवानगी दिली, पण एक अट घातली : ज्याला द्यायचे असतील तोच देईल, आणि जमतील तेवढे देईल. पैसे पॉकेट मनीच्या वहीतून कापायचे होते, म्हणजे फक्त सही घ्यायची. ते काम माझ्याकडे आलं.

मी काय केलं ते लिहितो. संध्याकाळच्या प्रेपच्या आधी वही घेऊन मी डॉर्मिटरीच्या दारात उभा राहिलो आणि म्हणालो, “स्वेच्छेने द्यायचे आहेत. प्रत्येकी ५० रुपये.” ही दोन वाक्यं एकमेकांच्या विरुद्ध आहेत हे माझ्या लक्षातही आलं नाही. रांग लागली आणि ६३ जणांनी सह्या केल्या. दहावीचा कॅडेट दारात वही घेऊन उभा असताना सातवीतला कोण नाही म्हणणार? एकाने विचारलं, “सर, एकूण किती जमले?” मी म्हणालो, “तुला काय करायचंय? सही कर.”

३,१५० रुपये जमले. सरांच्या समोर आम्ही ते काकांना दिले, त्यातला एक रुपयाही कुठे गेला नाही. काकांचे डोळे भरून आले. आम्हाला खूप बरं वाटलं. मला तर फारच.

पंधरा दिवसांनी माझ्या कानावर आलं की ज्युनिअर्समध्ये एक गोष्ट फिरतेय : सीनिअर्सनी जमवलेल्या पैशातून कॅन्टीनमध्ये समोसे खाल्ले. मी भयंकर चिडलो. कोण म्हणालं ते शोधून काढायचं, असं ठरवूनच मी निघालो होतो. माझा शेजारच्या बेडवरचा मित्र बिहारचा आहे. तो हसायला लागला आणि म्हणाला, “यार, तू तो पोस्टमास्टर निकला.”

त्या रात्री लाइट्स आउटच्या आधी मी धडा पुन्हा काढला. आणि ज्या शब्दाचा अर्थ मी ‘उपकृत’ असा लिहिला होता, तिथे अडलो. पोस्टमास्तरच्या मित्रांबद्दल तो शब्द आला आहे. मित्र उपकृत झाले आणि त्यांनी पैसे दिले? वाक्य लागत नव्हतं. डिक्शनरी उघडली. ‘ऑब्लाइज्ड’चा दुसरा अर्थ होता : भाग पडणे, नाइलाजाने करावे लागणे. म्हणजे मित्रांनी आपणहून दिले नव्हते, त्यांना द्यावे लागले होते. एप्रिलमध्ये चार तासिकांत न कळलेला शब्द मला माझ्या वहीतल्या ६३ सह्यांनी शिकवला.

मग मी त्या वाक्याचा क्रमही पाहिला. पोस्टमास्तर आधी कर्मचाऱ्यांकडे मागतो, मग स्वतःच्या पगारातले घालतो, मग मित्रांची पाळी. आपल्याला इथे सहावीपासून शिकवतात की देश पहिला, मग आपल्या हाताखालची माणसं, आणि आपण स्वतः शेवटी. देहरादूनच्या अकादमीत चेटवुड यांच्या भाषणातला तो भाग कोरलेला आहे. पण जिथे खिशात हात घालायचा असतो तिथे हा क्रम उलटा व्हायला हवा, अधिकाऱ्याने आधी द्यायला हवं. मी स्वतः ५० रुपयांची सही कधी केली होती? वहीत पाहिलं. माझं नाव ६३ वं होतं.

रविवारी घरी फोन केला. माझे बाबा माण तालुक्यातल्या एका गावात ब्रँच पोस्टमास्तर आहेत. आमच्या भागात पाऊस कमी, आणि एकदा गारांनी शेजाऱ्यांची डाळिंबाची बाग झोडपलेली मी लहानपणी पाहिली आहे. त्यामुळे लेन्चोचं शेत कसं दिसलं असेल हे मला वेगळं सांगायला नको. बाबांना मी अख्खी गोष्ट मराठीत सांगितली. ती संपल्यावर ते क्षणभर गप्प राहिले आणि मग त्यांनी जे विचारलं ते आमच्या कुठल्याही गाइडमध्ये नाही.

“त्यानं पत्र उघडलंच कसं?”

मी म्हणालो, “बाबा, त्याला मदत करायची होती.”

“ते खरं. पण दुसऱ्याचं पत्र आपण उघडायचं नसतं. पत्त्याचा मेळ लागत नसेल तर ते रिटर्न्ड लेटर ऑफिसला जातं. तिथं नेमलेला माणूस असतो, तोच उघडतो, तेही पाठवणाऱ्याचा पत्ता शोधायला. मी असं पत्र उघडलं तर उद्या मला घरी बसवतील. आणि बरोबरच आहे. गावातली माणसं माझ्या हातात पत्रं देतात, पैसे देतात, ती मी चांगला माणूस आहे म्हणून नाही देत. मी उघडणार नाही हे ठाऊक आहे म्हणून देतात.”

मी विचारलं, “मग तुम्ही काय केलं असतं?”

“पैसे मीही दिले असते. पण मनीऑर्डर केली असती. खाली नाव लिहिलं असतं. घेणाऱ्याची सही होऊन पावती परत आली असती. सगळ्यांना कळलं असतं, कुणी किती दिले आणि किती पोचले. देव म्हणून सही केली ना, तिथंच घोटाळा झाला. देवाचा हिशेब कोण विचारणार? मग माणूस पोस्टावरच संशय घेणार.”

मला वाटतं, बाबांनी गोष्टीतली खरी गाठ सोडवली. आमचं ठरलेलं उत्तर सांगतं की लेन्चो भोळा आणि कृतघ्न, पोस्टमास्तर दयाळू. पण लेन्चोच्या जागी उभे राहून पाहा. त्याने १०० मागितले, ७० आले. मध्ये फक्त एक ऑफिस आहे. ३० कुठे गेले हे त्याला कुणी सांगितलेलं नाही. कागदावर एका शब्दाच्या सहीशिवाय काही नाही. अशा माणसाने संशय कुणावर घ्यायचा? त्याचा निष्कर्ष चुकला, पण त्याला तिकडे ढकलणारी माहितीची कमतरता पोस्टमास्तरनेच निर्माण केली होती.

म्हणून माझं मत असं आहे : पोस्टमास्तर चोर नव्हता. तो चांगला माणूस होता, आणि आपल्या जागेवर बसून त्याने तीन चुका केल्या. त्याच्याकडे विश्वासाने आलेलं पत्र त्याने उघडलं. हाताखालच्यांना ‘नाही’ म्हणता येणार नाही अशा तऱ्हेने मागितलं. आणि हिशेब लपवला. चांगल्या हेतूमुळे या चुका खोडल्या जात नाहीत. माझा हेतूही चांगला होता, आणि माझ्याही तिन्हीतल्या दोन चुका होत्याच.

आपल्यासारख्यांना हे लवकर कळायला हवं, कारण आपण ज्या नोकरीची तयारी करतोय तिथे विश्वासाशिवाय काही चालत नाही. आपल्यातल्या कितीतरी जणांचे वडील फौजेत आहेत. त्यांना पत्र लिहिताना आपण ५६ एपीओ किंवा ९९ एपीओ असा पत्ता घालतो. त्यावर गाव नाही, जिल्हा नाही, राज्य नाही. पिनकोडचा पहिला आकडा ९ असतो, तो सैनिकी टपालासाठी राखलेला आहे. ही पिनकोडची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली, आणि ती बसवली आपल्या कोकणातल्या श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी. टपाल खात्यातले हे अधिकारी संस्कृतचे कवीही होते. वडील नेमके कुठे आहेत हे पाकिटावर न लिहिता आपण पाकीट पेटीत टाकतो आणि ते हिमालयातल्या चौकीपर्यंत जातं. मधल्या एकाही माणसाला आपण ओळखत नाही. तो दयाळू आहे की नाही हेही आपल्याला ठाऊक नाही. तो त्याचं काम नेमानं करतो एवढ्यावर आपला विश्वास असतो.

आता इंग्रजीबद्दल. माझं म्हणणं असं आहे की कामातल्या सचोटीबद्दलचे असे उतारे आपल्याकडे चुकीच्या पद्धतीने शिकले जातात, आणि त्यात दोन्ही गोष्टी हातून जातात. सचोटीही जाते आणि इंग्रजीही.

‘हेलस्टोन’सारखा शब्द समासात अर्थ लिहून शिकता येतो. गार म्हणजे गार. पण ‘ऑब्लाइज’, ‘चॅरिटी’, ‘गुडविल’, ‘क्रुक’ हे शब्द तसे शिकता येत नाहीत. ते माणसांमधल्या व्यवहाराचे शब्द आहेत. कुणी कुणाला द्यायला भाग पाडलं, कुणी दान समजलं, कुणी लबाडी समजली, हे ठरवावं लागतं, आणि ठरवताना वाद होतो. वाद झाला की बोलावं लागतं. आणि बोलायचं असलं की शब्द लागतो. माझ्या वर्गात तेलुगू, हिंदी, कन्नड, मल्याळम आणि मराठी बोलणारी मुलं आहेत. आम्हा सगळ्यांची एकमेकांशी खरोखर वाद घालायची भाषा अजून मोडकी हिंदी आहे. इंग्रजी फक्त उत्तरपत्रिकेत येते, कारण तिथे आमचं स्वतःचं असं काही म्हणणं नसतं.

यावर दोन आक्षेप येतील, आणि ते मी मित्रांकडून ऐकलेही आहेत. पहिला : ही कथा विश्वासाबद्दल आहे, लेखकाने पोस्टाची नियमावली लिहिलेली नाही. हे बरोबर आहे. लेन्चोचा विश्वास हाच कथेचा गाभा आहे आणि शेवटी आपल्याला हसू येतं ते त्यामुळेच. पण मग लेखकाने मदत करणारा माणूस पोस्टमास्तरच का निवडला? तो शेजारी असू शकला असता, दुकानदार असू शकला असता. ज्याच्यावर सगळं गाव विश्वास टाकतं अशाच जागेवरचा माणूस त्याने घेतला, म्हणूनच शेवटचा शब्द एवढा लागतो.

दुसरा आक्षेप वेळेचा. पोर्शन मोठा आहे, बोर्डाची परीक्षा आहे, मग एनडीएची तयारी. एका धड्यावर किती दिवस घालवणार? मी फक्त एक तासिका मागतोय. धडा संपल्यावर एक तासिका, ४० मिनिटं, वर्गात कोर्ट ऑफ एन्क्वायरी भरवावी. फौजेत काही घडलं की आधी ही चौकशी होते. ती शिक्षा देत नाही. ती साक्षी घेते, पुरावा गोळा करते आणि काय घडलं ते नोंदवते. वर्गात तीन कॅडेट्स सदस्य होतील. साक्षीला पोस्टमन, पोस्टमास्तर, एक कर्मचारी, एक मित्र आणि लेन्चो येतील. सगळं इंग्रजीत. आणि नियम एकच : प्रत्येक उत्तराला धड्यातलं वाक्य दाखवायचं. म्हणजे ‘मित्रांनी आनंदाने दिले’ असं कुणी म्हणाला तर समोरचा म्हणेल, कुठे लिहिलंय दाखव. माझी चूक एप्रिलमध्येच पकडली गेली असती.

आमच्या इंग्रजीच्या मॅडमना मी हे विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, “लेन्चो कोण होणार? त्याला सगळ्यात जास्त बोलावं लागेल.” आमच्या वर्गात सगळ्यात कमी इंग्रजी बोलणाऱ्या कॅडेटने हात वर केला. तो शेतकऱ्याचा मुलगा आहे. त्याचं व्याकरण चुकलं, काळ चुकले, पण पोस्टमास्तर झालेल्या कॅडेटला त्याने एक प्रश्न विचारला आणि वर्ग गप्प झाला. त्याने विचारलं की तुम्ही पैसे दिले ते मला का सांगितलं नाहीत, मी काय लहान मूल होतो का? पोस्टमास्तरला उत्तर सुचलं नाही. त्या दिवशी त्या मुलाला कुणीही शब्दाचा अर्थ विचारला नाही. सगळे शब्द त्याचेच होते.

पालकांनाही एक विनंती आहे. मुलाचं इंग्रजी सुधारावं म्हणून रविवारच्या फोनवर त्याच्याशी अडखळत इंग्रजीत बोलू नका. त्याला सांगा, या आठवड्यात काय वाचलंस ते आपल्या भाषेत सांग. आणि मग तुमच्या कामात असं घडलं असतं तर तुम्ही काय केलं असतं ते त्याला सांगा. कंडक्टर असाल, नर्स असाल, तलाठी असाल, जवान असाल, तुमच्याकडे धड्याचं जे उत्तर आहे ते आमच्याकडे नाही. मला ‘ऑब्लाइज्ड’ डिक्शनरीने शिकवला, पण तो शब्द का महत्त्वाचा आहे हे मराठीत बोलणाऱ्या एका पोस्टमास्तरने सांगितलं.

राहिली माझ्या वहीची गोष्ट. अफवा पसरवणाऱ्याला शोधायचं मी सोडून दिलं. हाऊस मास्टर सरांकडे जाऊन त्यांची अट मी कशी मोडली ते सांगितलं. बोलणी बसली, ती बसायलाच हवी होती. मग एका कागदावर सगळा हिशेब लिहिला : किती जणांनी दिले, एकूण किती झाले, कोणत्या तारखेला दिले, आणि खाली काकांची सही. तो जिन्याजवळच्या नोटिस बोर्डवर लावला. त्याखाली आणखी एक ओळ लिहिली की ज्याला मनातून द्यायचे नव्हते त्याने मला येऊन सांगावं, त्याचे ५० रुपये माझ्या पॉकेट मनीतून परत मिळतील, आणि मी नाव कुणाला सांगणार नाही. तिघे आले. १५० रुपये गेले. दोन महिने कॅन्टीनमध्ये मी फक्त बसायला जात होतो.

दिवाळीच्या सुट्टीनंतर हाऊसमध्ये पुन्हा एकदा पैसे जमवायचं ठरलं, या वेळी ग्रंथालयाला पुस्तकं देण्यासाठी. वहीत पहिली सही मी केली आणि रक्कम न सांगता वही टेबलावर ठेवून बाजूला झालो. ऑगस्टमध्ये ‘एकूण किती’ विचारणारा तो सातवीचा कॅडेट आला. त्याने २० रुपये लिहिले, सही केली आणि मला विचारलं, “सर, हिशेब कधी लावणार?”

मी म्हणालो, “शनिवारी, रोल कॉलच्या आधी. जिन्याजवळ बघ.”